काचपेटींतील प्रवाळ कां खंगलें?

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र आम्हांस आलें. हे गृहस्थ नोकरीनिमित्त कांहीं वर्षें इंग्लंडांत सहकुटुंब राहतात. "सर, सलाम," अशा आरंभानंतर घरची खुशाली, मंडळींतील लोकांची विचारपूस वगैरे नेहमींचा मजकूर होता. परंतु पत्राचा खरा हेतु शेवटच्या चार ओळींत होता. त्यांच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची एक मोठी काचपेटी असून तींत तीन वर्षें वाढलेलें एक प्रवाळ आहे. तें आतां मरूं लागलें आहे. दुकानदारानें दिलेलीं तीन औषधें घालून झालीं, दिवाहि नवा बसविला, पण गुण नाहीं. आणि दहा वर्षांची कन्या शाळेंतून आली कीं पेटीपुढें बसून रडते. "तुम्ही आम्हांला प्राणिशास्त्र शिकवलें, म्हणून विचारतों," असें त्यांनीं लिहिलें होतें.

आम्हीं शिकवलें हें खरें. परंतु फळ्यावर प्रवाळाची आकृति काढणें निराळें आणि जिवंत प्रवाळ सांभाळणें निराळें. आमच्या हातून तर गोड्या पाण्यांतील साधा मासाहि वर्षापेक्षां अधिक जगलेला नाहीं! तरी कारण शोधण्याची रीत सर्वत्र सारखीच असते, एवढ्या धीरावर आम्हीं त्याच रात्रीं एका ओळीचें उत्तर पाठविलें: "उद्यांपासून पेटींत नवें कांहींहि घालूं नकोस, प्रथम नीट पाहूं या." पुढें दोन महिने जीं छायाचित्रें व जे आंकडे येत गेले, त्यांवरून हा लेख लिहिला आहे.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडहि नव्हे. ती हजारों चिमुकल्या प्राण्यांची एक वसाहत असते. या प्राण्यास पॉलिप म्हणतात. पॉलिप म्हणजे एक इवलीशी पिशवी. तिला वरच्या अंगास एक तोंड आणि तोंडाभोंवतीं नाजूक स्पर्शकांचें कडें. समुद्राच्या पाण्यांतून कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन हे पॉलिप आपल्या खालीं चुनखडीच्या जातीचा सांगाडा रचीत जातात. आपणांस 'दगड' म्हणून दिसतो तो हा सांगाडा. जिवंत प्राणी म्हणजे त्यावर पसरलेली पातळ कातडी. मार्सेय येथील पेसोनेल नांवाच्या वैद्यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, प्रवाळाचीं 'फुलें' हीं फुलें नसून प्राणी आहेत, असें पॅरिसच्या विद्वानांस कळविलें. परंतु त्यांस तें प्रथम पटलें नाहीं. ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें त्याचें म्हणणें खोलींत बसलेल्यांस पटावयास नेहमींच वेळ लागतो.

खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या कातडींत आणखीहि कोणी राहतें. तें म्हणजे एकपेशीय शेवाळ. हें शेवाळ उजेडांत साखर तयार करून तिचा मोठा वाटा आपल्या यजमानास देतें आणि त्याच्याकडून आसरा व खत घेतें. प्रवाळाचा तपकिरी रंग बहुतांशीं या पाहुण्याचाच असतो. अंगठींत बसवितात तें तांबडें पोवळें निराळ्या जातीचें. तें भूमध्यसमुद्रांत अंधाऱ्या जागीं वाढतें आणि त्यांत असें शेवाळ नसतें.

पुढें जाण्यापूर्वीं पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर हा लेख वाचून एखादा उत्साही मुलगा सुटींत मालवणास जाऊन प्रवाळ उचलून आणावयाचा. आपल्या देशांत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत 2001 सालापासून खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांचा समावेश आहे. वाघास जें संरक्षण तेंच यांस. समुद्रांतून तोडणें तर दूरच, किनाऱ्यावर पडलेला तुकडाहि शोभेसाठीं घरीं आणूं नये. आमच्या विद्यार्थ्याचें प्रवाळ समुद्रांतून तोडलेलें नव्हतें. तेथें पेट्यांतच वाढविलेल्या प्रवाळाच्या फांद्या कापून विकतात, त्यांपैकीं दोन इंचांचा एक तुकडा त्यांनीं घेतला होता. जात आक्रोपोरा, म्हणजे सांबराच्या शिंगांसारख्या फांद्यांची. ही जात दिसावयास सुंदर आणि प्रकृतीनें अत्यंत हळवी.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. "प्रवाळ पांढरें पडत आहे," एवढ्यानें कांहींच कळत नाहीं, कारण पांढरें पडण्याचे दोन निरनिराळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत प्राणी जिवंत असतो, पण त्याच्या अंगांतील शेवाळ निघून जातें. कातडी कांचेसारखी पारदर्शक होते आणि आंतील पांढरा सांगाडा दिसूं लागतो. भिंगांतून पाहिल्यास पॉलिप जागच्या जागीं असतात. पाणी फार तापलें किंवा उजेड एकाएकीं वाढला म्हणजे असें होतें. समुद्रांत नेहमींच्या कडक उन्हाळ्यापेक्षां एकाच अंशानें पाणी अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तरी मैलोगणती प्रवाळ असें पांढरें होतें. 1998 सालीं लक्षद्वीपाकडे असाच अनर्थ झाला, आणि 2024 च्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं जगभर पसरलेल्या अशा चौथ्या संकटाची घोषणा केली. शेवाळ परत आलें तर हें प्रवाळ वांचूं शकतें. पण तोंवर तें उपाशीच असतें.

दुसऱ्या प्रकारांत कातडीच सुटून जाते व उघडें हाड उरतें. तेथें पुन्हां कांहीं यावयाचें नसतें, फार तर शेजारची कातडी हळूहळू त्यावर पसरते. म्हणून आमचा पहिला प्रश्न हा होता कीं, पांढऱ्या भागावर भिंगांतून पॉलिप दिसतात कीं नाहीं? उत्तर आलें: "नाहींत. बुडाकडून पांढरें होत वर चाललें आहे. टोंकांकडे कातडी आहे, पण फिकी, आणि पॉलिप मिटलेले." म्हणजे हा दुसरा प्रकार. कातडी एका रात्रींत झडली असती तर कांहीं करण्यास अवकाशच नव्हता. पण येथें ती आठवड्यास सुमारें अर्धा इंच या वेगानें जात होती. शोध करण्यास वेळ होता, थोडा.

येथें आमच्या विद्यार्थ्याची एक चूक सांगणें भाग आहे. ती त्यांच्या परवानगीनेंच सांगतों. दुखणें लक्षांत येतांच त्यांनीं एका पंधरवड्यांत आयोडिनाची बाटली, 'पौष्टिक' म्हणून दुसरी बाटली, आणि जिच्यांत काय होतें हें आम्हांस शेवटपर्यंत उमगलें नाहीं अशी तिसरी बाटली वापरली. शिवाय जुना दिवा काढून अधिक प्रखर असा एल. ई. डी. दिवा लावला. हेतु चांगला होता. पण यांपैकीं एखाद्यानें गुण आला असता तर कोणत्यानें आला हें कळलें नसतें, आणि अपाय झाला असता तर तेंहि कळलें नसतें. दिव्यानें तर अपाय होण्याचाच संभव अधिक. अशक्त प्रवाळावर एकदम दुप्पट उजेड पाडणें म्हणजे तापांतून उठलेल्यास भर दुपारीं उन्हांत उभें करणें. आम्हीं तेवढा एकच बदल उलट करावयास सांगितलें: दिव्याचा प्रकाश अर्ध्यावर आणावा. बाकी सर्व जसेंच्या तसें ठेवून एक एक संशयित तपासूं लागलों.

उष्णतेचा संशय लवकर दूर झाला. दुसरा तापमापक आणून पाहिला. पाणी 25 अंश सेंटिग्रेडवर स्थिर होतें. खारटपणांत थोडी खोट निघाली. समुद्राच्या दर हजार भाग पाण्यांत सुमारें 35 भाग क्षार असतात. त्यांचें मोजण्याचें यंत्रहि 35 च दाखवीत होतें, पण ज्ञात खारटपणाच्या द्रवानें तें ताडून पाहतां खरा आंकडा 33 निघाला. एवढ्यानें प्रवाळ मरावयाचें नाहीं, तथापि त्यांस हायसें वाटलें, कारण निदान एक तरी दोष सांपडला. आम्हांस मात्र भीति वाटली कीं, आतां हेच कारण समजून ते शोध थांबवितील. तो दोष आठवडाभरांत बेताबेतानें सुधारावयास सांगून आम्हीं पुढें चालण्याचा आग्रह धरला.

किड्यांचा संशय पाहण्यास रात्र व्हावी लागते. आक्रोपोरा खाणारा एक चपटा कृमि आहे. त्याचा रंग प्रवाळाशीं इतका मिळतो कीं दिवसां तो दिसत नाहीं, परंतु त्याच्या चाव्यांचे वाटोळे डाग आणि बुडाशीं घातलेलीं अंडीं दिसतात. त्या रात्रीं कन्येस अकरापर्यंत जागण्याची मुभा मिळाली. बाप विजेरी धरी आणि लेक भिंगांतून पाही. चपटा कृमि निघाला नाहीं. केसाळ अंगाचा एक दुसरा किडा मात्र पांढऱ्या भागाच्या कडेवर सांपडला आणि घरांत एकच आनंद झाला कीं, चोर सांपडला! आम्हीं त्यास सोडून देण्यास सांगितलें. तो बिचारा मेलेलें खाणारा. प्रेतापाशीं कावळा दिसला म्हणून कावळ्यानें खून केला असें होत नाहीं.

शेजाऱ्याकडेहि पाहिलें. कांहीं प्रवाळें रात्रीं लांब स्पर्शक सोडून शेजाऱ्यास भाजून काढतात, ही गोष्ट ऐकून मुलांस नवल वाटेल. जागेसाठीं भांडणें मनुष्यांतच आहेत असें नाहीं. परंतु या पेटींतील तसलें प्रवाळ चांगलें फूटभर दूर होतें. पाण्यांत गंजणारें लोखंड, नळाच्या पाण्यांतून येणारें तांबें, खोलींत उडविलेलें डांसांचें औषध, यांपैकीं कशाचाहि पुरावा मिळाला नाहीं.

राहिलें पाण्याचें रसायन. "कॅल्शियम पाहिलें आहे, एका लिटरांत 400 मिलिग्रॅम, अगदीं ठीक," असें त्यांनीं पहिल्याच पत्रांत लिहिलें होतें, आणि आम्हीहि तेथें फसणार होतों. मग आम्हीं अल्कतेचा आंकडा मागितला. अल्कता म्हणजे पाण्यांत कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचा जो सांठा असतो त्याचें माप. सांगाड्यासाठीं प्रवाळास कॅल्शियम जितकें लागतें तितकाच हा सांठाहि लागतो. हौशी लोक तो जर्मन अंशांत मोजतात. समुद्रांत तो 7 अंशांच्या आसपास असतो आणि पेट्यांतून 7 ते 9 ठेवतात. आमच्या विद्यार्थ्याचें उत्तर आलें: "तें मोजून बरेच दिवस झाले. चाचणीच्या बाटलीची मुदतहि संपली आहे." नवी चाचणी आणून मोजलें तेव्हां आंकडा निघाला 5.1.

मग कॅल्शियम ठीक कसें? ही गोष्ट वरच्या वर्गांतील मुलांनीं कागद घेऊन करून पाहण्यासारखी आहे. प्रवाळ सांगाडा बांधतांना दोन्ही पदार्थ ठराविक प्रमाणांत घेतें: अल्कता 2.8 अंश उतरते तेवढ्यांत कॅल्शियम लिटरामागें फक्त 20 मिलिग्रॅम कमी होतें. पाण्यांत कॅल्शियमचा सांठा चारशेंचा, त्यांतून वीस गेले तर कोणाच्या ध्यानांत येणार? पण अल्कतेचा सांठाच आठ अंशांचा. त्यांतून जवळजवळ तीन गेले म्हणजे तिजोरीचा तिसरा हिस्सा गेला. त्यांच्या साध्या चाचणींत कॅल्शियमचा एक थेंब म्हणजेच 20 मिलिग्रॅम! म्हणजे सगळी चोरी एका थेंबाच्या फरकांत लपून राहिली होती. पहिल्या वर्षीं कॅल्शियम 420 होतें, तें 400 झालें. आणि अल्कता 8 होती, ती 5.1 झाली. दोन्ही आंकडे एकमेकांस साक्ष देत होते.

पहिल्या वर्षाचे आंकडे आम्हांस कोठून मिळाले? कन्येच्या वहींतून. पेटी नवी असतांना तिनें हौसेनें एक वही घातली होती. तींत तारीख, उष्णता, अल्कता, कॅल्शियम, पेटींत काय घातलें, आणि 'मासा रुसला आहे' असलीहि एखादी नोंद. दीड वर्षानें मोजमापें थांबलीं, कारण सर्व कांहीं सुरळीत होतें. त्या वहीवरून असेंहि दिसलें कीं, अल्कता भरून काढण्यासाठीं रोज जो द्रव घालावयाचा त्याचें माप पहिल्या वर्षीं ठरलें तेंच अद्याप चालू होतें. दोन इंचांचें प्रवाळ मधल्या काळांत वीतभर पसरलें, त्याच्या सोबतींचींहि वाढलीं, आणि त्यांस वाढप मात्र लहानपणींचेंच. एका अर्थीं प्रवाळ चांगलें वाढलें हाच त्याच्या दुखण्याचा उगम होता. ज्यांच्या घरीं वाढत्या वयाचीं मुलें आहेत त्या मातांस हें अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

कारण सांपडल्याचा आनंद झाला, आणि खरा धोका येथेंच होता. आमचे विद्यार्थी त्याच दिवशीं अर्धें पाणी बदलण्यास निघाले. आम्हीं म्हटलें, "नव्या पाण्याची अल्कता आधीं मोज." ती निघाली 11, कारण तेथील तयार क्षारांत ती मुद्दाम अधिक ठेवलेली असते. अर्धें पाणी 5.1 चें आणि अर्धें 11 चें, म्हणजे एका तासांत आंकडा आठाच्या वर गेला असता. आंकडा बरोबर झाला असता आणि प्रवाळ बहुधा मेलें असतें. ज्या जिवाची सवय महिनोन् महिने उतरत गेली, त्यास एका तासांत चढवितां येत नाहीं.

म्हणून उपाय योजला तो अगदीं साधा: शुद्ध खाण्याचा सोडा. शंभर लिटर पाण्याची अल्कता एक अंशानें वाढवावयास सुमारें 3 ग्रॅम सोडा लागतो. पेटी 250 लिटरांची असली तरी खडक व वाळू वजा जातां पाणी 200 लिटर; तेव्हां रोज अर्धा अंश वाढविण्यास 3 ग्रॅम पुरे. तो ग्लासभर शुद्ध पाण्यांत विरघळवून, प्रवाहाच्या जागीं, थोडा थोडा करून ओतावयाचा; नेहमींचा द्रव चालूच ठेवावयाचा; आणि रोज ठराविक वेळीं मोजून वहींत लिहावयाचें. मोजण्याचें काम कन्येकडे आलें. सहाव्या दिवशींचा तिचा आंकडा 8.0 होता. मग एक दिवस सोडा व द्रव दोन्ही बंद ठेवून चोवीस तासांनीं पुन्हां मोजलें: 7.4. म्हणजे पेटीचा रोजचा खर्च 0.6 अंश. तेवढें भरून काढण्यास साडेतीन ग्रॅमांहून किंचित् अधिक सोडा आणि त्याच्या प्रमाणांत, लिटरामागें चारेक मिलिग्रॅम, कॅल्शियम. जुन्या मापाचा द्रव यांतील निम्म्याहूनहि कमी गरज भागवीत होता.

या सहा दिवसांत आणखी एक गोष्ट केली, आणि तिला बापाचा हात धजेना. सडत चाललेली कड कांहीं केल्या थांबली नाहीं तर सर्वच जावयाचें, म्हणून निरोगी फांद्यांचीं तीन टोंकें कापून निराळीं लावावीं असें आम्हीं सुचविलें. पांढऱ्या कडेपासून चांगलें इंचभर वर, जिवंत कातडींतून कापावें लागतें; कडेलगत कापल्यास रोग तुकड्याबरोबरच जातो. कापलेलीं टोंकें घट्ट जातीच्या सायनोॲक्रिलेट गोंदानें, म्हणजे आपल्याकडे फेव्हिक्विक म्हणून जो मिळतो त्याच्या भाऊबंदानें, लहान चकत्यांवर चिकटविलीं आणि मंद उजेडाच्या जागीं ठेवलीं. "आई प्रथम म्हणाली, नको, मग म्हणाली, काप," असें कन्येनें आम्हांस स्वतः लिहिलें आहे.

पुढील तीन आठवडे दिव्यास हात लावला नाहीं, कोणतीहि बाटली उघडली नाहीं. हा काळ त्यांस फार जड गेला असें दिसतें; दर दोन दिवसांनीं 'आतां कांहीं घालूं का?' असा प्रश्न येई आणि आम्ही 'नको' एवढेंच लिहीत असूं. दुसऱ्या आठवड्यांत एक पूर्ण फांदी गेली. कापलेल्या तीन टोंकांपैकीं एक मेलें. पण कड थांबली. मग एके रात्रीं दिवा मालवल्यावर विजेरीच्या उजेडांत वरच्या फांद्यांवरील पॉलिप उघडलेले दिसले. पंधरवड्यानें ते दिवसांहि उघडूं लागले. त्यानंतर दिव्याचा प्रकाश आठवड्यास थोडा थोडा वाढविला.

नव्या दिव्यानें किती अपाय केला आणि अल्कतेनें किती, याची वांटणी आम्हांस करतां येणार नाहीं. सांगाडा बांधण्याची सामग्री अपुरी असतां वरून प्रखर उजेड पडला आणि दोहोंनीं मिळून काम केलें, असें आमचें मत आहे. दुखणें दिवा बदलण्याच्या आधीं सुरू झालें होतें, म्हणून मूळ दोष आम्ही अल्कतेकडे लावतों.

गेल्या महिन्यांत शेवटचें छायाचित्र आलें. प्रवाळाचें खालचें अंग मेलेलेंच आहे व त्यावर हिरवट शेवाळ चढलें आहे. वरच्या पांच फांद्या जिवंत असून त्यांचीं टोंकें पुन्हां फिकट निळीं झालीं आहेत, म्हणजे नवा सांगाडा चढत आहे. जिवंत कातडीच्या खालच्या कडेवर जांभळी अशी एक रेघ आहे, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद. ती पूर्वीं नव्हती. ती खालीं उतरत जाऊन उघड्या हाडावर पसरेल काय, असें कन्येनें विचारलें आहे. तिच्या वहींत त्या दिवशींची अल्कता 7.9 आहे आणि रोजचा खर्च 0.6 वरून 0.7 झाला आहे. सोड्याचें माप वाढवावयास आम्हीं तिला कळविलें आहे.